साक्ष आणि तिच्यातली चूक

नाझींच्या ऑशविट्झ-बिर्केनाऊ छावणीत ७ ऑक्टोबर १९४४ रोजी ज्यू कैद्यांनी बंड केलं. आपल्याच माणसांची प्रेतं जाळायला लावलेल्या तुकडीचं हे बंड. दारूगोळ्याच्या कारखान्यात जुंपलेल्या मुलींनी थोडी थोडी दारू चोरून त्यांच्यापर्यंत पोचवली होती. पुढे कित्येक वर्षांनी येल विद्यापीठाच्या चित्रफीत-संग्रहासाठी एका वाचलेल्या स्त्रीने त्या दिवसाची आठवण सांगितली, तेव्हा तिच्या सांगण्यात प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची चार धुराडी उडाली होती. इतिहासकारांनी हरकत घेतली: चार नव्हे, एक, मग या साक्षीवर भिस्त कशी ठेवायची? मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब स्वतः लहानपणी नाझी काळातल्या हद्दपारीतून वाचलेले. त्यांना हे मान्य नव्हतं. जिथे प्रतिकाराची कल्पनाही करवत नव्हती तिथे तो घडला, हे तिने पाहिलं होतं आणि त्याचीच ती साक्ष देत होती, असं त्यांचं म्हणणं.

मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. आकडा तपासलाच पाहिजे, आणि आकडा चुकला म्हणून बाई खोटी ठरत नाही. नव्या पिढीला शिकवायचा तो हाच वाद. प्रत्यक्षात वर्गात पोचते ती बहुधा घासूनपुसून घेतलेली आठवण: शांत चेहऱ्याचे आजोबा, वीस मिनिटं, शेवटी द्वेष करू नका असा निरोप. यामागची भीती समजते. नरसंहार घडलाच नाही म्हणणारे अशा एखाद्या चुकीवरच टपलेले असतात. पण साक्षीत चूक असू शकते आणि ती कागदपत्रांशी, इतर साक्षींशी ताडून पाहता येते, हे ज्या मुलाने कधी पाहिलेलं नाही, ते नरसंहार नाकारणाऱ्या पहिल्याच चलाख व्हिडिओपुढे गडबडून जाईल.

साक्षी जपण्याचा खरा वस्तुपाठ वॉर्साच्या घेट्टोत, ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, सापडतो. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम यांनी नोव्हेंबर १९४० पासून तिथे गुप्त संग्रह उभारला. रोजनिश्या, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटं, मिठायांची वेष्टनं, शाळकरी मुलांचे निबंध असं सगळं त्यात आलं. घेट्टोतल्या ज्यू पोलिसांची लाचखोरीही आली. मरणाच्या दारात उभं राहूनही त्यांनी आपल्या समाजाचं चित्र गोजिरं केलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. १९४६ आणि १९५० मध्ये त्यांतले दोन साठे हाती लागले, सुमारे ३५,००० पानांचे. रिंगेलब्लूम मार्च १९४४ मध्ये मारले गेले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी वाचलेल्या राखेल आउअरबाख यांनी पुढे जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेत साक्षी नोंदवण्याचा विभाग उभा केला.

२०२४ च्या सुरुवातीला जगभरात या नरसंहारातून वाचलेले सुमारे २,४५,००० ज्यू हयात होते, बहुतेक त्या काळी लहान मुलं असलेले. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनकडे आज पन्नास हजारांहून अधिक मुलाखती आहेत. आता तर पडद्यावरच्या साक्षीदाराच्या प्रतिमेला प्रश्न विचारता येतो आणि आधी चित्रित केलेलं उत्तर मिळतं. कौतुकास्पद तंत्र, पण मला त्यात एक उणं दिसतं: माणसाचं अडखळणं, सांगता सांगता गप्प होणं त्यात फारसं उरत नाही. (येलच्या मुलाखतकारांनी कमीत कमी बोलायचं ठरवलं होतं, ते उगीच नव्हे.)

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. दहा साक्षींचे तुकडे दाखवण्यापेक्षा एकच साक्ष पूर्ण ऐकवा, तिच्यातल्या मौनांसकट. सोबत त्याच घटनेचा एखादा दस्तऐवज द्या आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत ते मुलांनाच शोधू द्या. घाईघाईने समजूत घालायला मध्ये पडू नका.