परतःप्रामाण्य आणि प्रयोगशाळेचा होकार

ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरूनच कळते, की ते पडताळण्यासाठी दुसऱ्या प्रमाणाकडे जावे लागते, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके वाद घालीत आले. मीमांसकांनी स्वतःप्रामाण्याचा पक्ष धरला, नैयायिकांनी परतःप्रामाण्याचा. आणि हा सारा पाठशाळेतला बुद्धिविलास होता असे ज्यांना वाटते, त्यांनी मूत्राच्या एका नमुन्यावरून माणसाची नोकरी आणि अब्रू ठरविणाऱ्या अमली पदार्थांच्या तपासणीकडे एकवार पाहावे.

अँफेटामीनची प्राथमिक चाचणी हे निव्वळ अनुमान आहे. तीत प्रतिपिंड रेणूला त्याच्या आकारावरून ओळखते, आणि आकार तर अनेकांचे मिळतेजुळते असतात. सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन, रक्तदाबावरील लॅबेटॅलॉल, नैराश्यावरील ब्युप्रोपियॉन यांपैकी कशानेही ते फसू शकते. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, नसतानाही जी खूण आढळते त्या खुणेला, म्हणजे हेतूला, न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणते. म्हणूनच अमेरिकेच्या संघ-सरकारी नियमांत, नमुन्यात दर मिलिलिटरला 500 नॅनोग्रॅमची मर्यादा गाठून आलेला पहिला होकारही निकाल ठरत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांसारख्या, रेणूची रचना तपासणाऱ्या वेगळ्या पद्धतीने तो शाबीत व्हावा लागतो, आणि त्यानंतरही वैद्यकीय अधिकारी त्या माणसाला त्याच्या औषधांविषयी विचारतो.

परंतु पडताळणारे प्रमाण तरी निर्दोष कशावरून? 1990च्या सुमारास असे उघडकीस आले, की एफेड्रिन वा स्यूडोएफेड्रिन पुष्कळ असलेला नमुना यंत्राच्या तप्त प्रवेशद्वारातून जाताना तेथेच थोडे मेथँफेटामीन तयार होऊ शकते. म्हणजे जे शरीरात कधीच नव्हते ते तपासणीनेच निर्माण केले. यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. शरीर मेथँफेटामीनचा काही भाग अँफेटामीनमध्ये पालटते, यंत्राची उष्णता तसे करीत नाही. तेव्हा दोन्ही ठराविक प्रमाणात सोबत आढळल्याखेरीज मेथँफेटामीनचा होकार द्यायचा नाही, असा दंडक घालण्यात आला. अनुमानात शिरलेला उपाधी, म्हणजे निष्कर्ष बिघडविणारी छुपी अट, हुडकून तो वगळण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मी पाहिलेले नाही.

अशाने अनवस्था, म्हणजे पडताळणीच्या पडताळणीची न संपणारी साखळी, ओढवेल, हा मीमांसकांचा आक्षेप खरा आहे. शंका स्वतःच्या आचरणाशी विसंगत होईल तेथे ती थांबते, असे उत्तर नैयायिक उदयनाचार्यांनी दिले. मात्र ज्याच्या शंकेचे फळ त्यालाच भोगायचे आहे, त्याला ही सीमा पुरते. जेथे शंका आवरती घेणारा एक आणि शिक्षा भोगणारा दुसरा, तेथे सीमा पुढे सरकविण्याचे कर्तव्य हुकूम देणाऱ्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

याचे एक उदाहरण पाहा. 2002 साली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅलन बॅक्स्टर याने स्लॅलम शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि मेथँफेटामीन आढळले म्हणून गमावले. चोंदलेल्या नाकासाठी त्याने अमेरिकेत विक्सचा इन्हेलर घेतला होता. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या त्याच नावाच्या इन्हेलरमध्ये जे नव्हते ते लेव्हमेटाम्फेटामीन अमेरिकेतल्या इन्हेलरमध्ये होते. मेथँफेटामीनचेच हे आरशातले प्रतिरूप. मेंदूवरचा त्याचा अंमल पुष्कळ क्षीण. ही दोन रूपे वेगळी ओळखता येतात. परंतु प्रतिबंध दोन्हींना लागू आहे, असे ठरवून क्रीडा लवादाने त्याची दाद फेटाळली, त्याच्या प्रामाणिकपणाची कदर करूनही. पदक ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइखकडे गेले. रसायनापुरता तो अहवाल खरा होता, आणि नियमाला सर्वांसाठी एकच रेघ लागते हेही मी मानतो. पण पदार्थ सापडला या ज्ञानावर, त्याने कपट केले असावे हे दुसरे ज्ञान लोक न तपासता चढवितात, आणि त्या दुसऱ्या ज्ञानाची पडताळणी कोणत्याही कुपीत होत नसल्यामुळे, कपटाचा हेतू दिसत नाही हे लवादाचे म्हणणे अपात्रतेच्या हुकुमाइतक्याच ठळकपणे लोकांपुढे यायला हवे होते.