संशय आणि सोयीचे खोटे

वाचक माउली, एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. घरातले एक माणूस मनाने आजारी आहे. जरा काही झाले की त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. त्याला त्रास नको म्हणून आपण एखादी गोष्ट लपवली, तर ते खोटे दयेचे की दोषाचे? पुष्कळ जण दयेचे म्हणतील. मला तसे वाटत नाही.

ज्या आजाराविषयी बोलतो आहे त्याचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो १९८० साली आला. त्याच्या नऊ लक्षणांपैकी पहिले म्हणजे आपले माणूस सोडून जाईल ही भीती. ताण वाढला की उठणारा संशय हे लक्षण १९९४ साली यादीत आले. हा संशय बहुधा काही मिनिटे किंवा काही तास टिकतो आणि आपले माणूस जवळ आहे असे वाटले की ओसरूही लागतो. म्हणजे वरून दिसतो तो संशय, पण आत असते ती भीती.

आता दोन बहिणी डोळ्यांपुढे आणा. धाकटी आजारी, थोरली तिला सांभाळते. कीर्तनाहून परतताना थोरली मावशीकडे जेवायला थांबली. खरे सांगितले तर धाकटी म्हणेल, तुम्ही सगळ्या मिळून माझ्याविरुद्ध बोलता. म्हणून थोरलीने सांगितले, कीर्तन लांबले. त्या दिवशी भांडण टळले. चार दिवसांनी मावशीच्या तोंडून सहज ते जेवण निघाले आणि धाकटीच्या हाती पुरावा आला! शंका खोटी होती, पुरावा मात्र खरा. पुढे थोरली आणखी जपून बोलू लागते, ताकास तूर लागू देत नाही, फोन आला की अंगणात जाते. अंगणात जाणारी बहीण कोणालाही संशयास्पदच दिसेल, आजारी नसलेल्यालाही.

मग करावे काय? वाद घालून उपयोग नाही, शपथा घेऊन तर मुळीच नाही. शपथेचा दिलासा संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या आजारावर उपचारपद्धती घडवली. तरुणपणी आपणही मनाच्या गंभीर आजारातून गेलो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. समोरच्याची भावना आधी मान्य करणे हा त्यांच्या पद्धतीचा मोठा भाग आहे. भावना मान्य करायची, आरोप नव्हे. ‘तुला एकटे पडल्यासारखे वाटले, ते मला कळते. मी मावशीकडे जेवले. तुझ्याविरुद्ध काही बोललो नाही.’ एवढे बोलून थांबावे.

खरे बोलल्याने त्या रात्री घरात वादळ उठेल, हे कबूल. थोरलीने ते सगळे अंगावर घ्यावे असे मी म्हणत नाही. शिवीगाळ झाली तर तिने दुसऱ्या खोलीत जावे, मात्र परत कधी येणार ते सांगून. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर विवेचन बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. प्रत्येक संशय आजार नसतो. सुनेने खरी तक्रार केली तरी ‘तिचे डोके फिरले आहे’ म्हणणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. स्वतः लपवाछपवी करायची आणि विचारणाऱ्याला वेडे ठरवायचे, हा अन्याय आजाराच्या नावाखाली फार सोपा होतो. ‘हा तुझा आजार बोलतो आहे’ असे म्हणण्याचा अधिकार, असलाच तर, ज्याने काही लपवले नाही त्यालाच.

आणि धाकटीवर काहीच जबाबदारी नाही का? आहे. उपचाराने आणि काळाने या आजाराची लक्षणे पुष्कळांची ओसरतात, तेव्हा तिला निव्वळ असहाय समजणे हाही अपमानच. चित्त शांत असताना दोघींनी ठरवावे: उशीर झाला तर थोरलीने खरे कारण कळवायचे, अप्रिय असले तरी, धाकटीने एकदाच विचारायचे आणि आलेल्या उत्तरावर ती रात्र काढायची. हे महिनाभर पाळले गेले तरी पुष्कळ.