लोकर आणि लोकसेवा

रत्नागिरीसारख्या उष्ण व दमट गावी लोकरीचे विणकाम करणे व्यवहारी मनुष्यास वेडेपणाचेच वाटेल. येथे थंडी पौषातल्या चार पहाटांपुरती. मग हे मोजे कोणाच्या पायांत जावयाचे? तरीही आमच्या परिचयाच्या एक बाई रोज दुपारी सुया घेऊन बसतात. त्याच बाई मध्यंतरी रुग्णांच्या मदतीसाठी निघालेल्या पदयात्रेत, मांडवीच्या रस्त्यावर, चालणारांस पाणी देत भर उन्हात उभ्या होत्या. लोकांनी त्यांची वाहवा केली. बाई संकोचून आम्हांस म्हणाल्या, "खरे सांगू? आनंद दोहोंतही सारखाच झाला."

आनंद झाला म्हणून परोपकाराचे मोल उणे होते काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिग्रंथात केवळ स्वाभाविक दयेने केलेल्या कृत्यास खरे नैतिक मोल नाकारले. पाणी पिणारा तहानलेला हे ऐकून हसेल! याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) फलाची आसक्ती सोडावयास सांगितले, कर्म सोडावयास नव्हे. कर्मातील गोडीही टाकावी, असा अर्थ आम्ही तरी त्यातून काढीत नाही.

सुईवरून निसटलेला टाका पुन्हा उचलताना बाईंना मोजे कोण घालणार याची आठवणही नसते. पाणी देताना मात्र आपले छायाचित्र निघते आहे की नाही, याकडे दोनदा लक्ष गेले. हेही त्यांनीच सांगितले. मग आसक्ती कोठे अधिक होती?

पुढील खेपेस आपण मागे बसून पेले विसळणार, असे त्या म्हणाल्या.