डबा कुणाचा

वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत आबांनी उभी हयात सेक्रेटरी म्हणून काढली. दुधात पाणी घालणारा त्यांच्या तावडीतून सहसा सुटला नाही. संघाचा सुपरवायझर तारीख कळवून यायचा, त्या दिवशी गावातल्या सगळ्या म्हशी एकदम दाट दूध द्यायच्या आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांचा स्वतःचा भरवसा अवचित घेतलेल्या नमुन्यावर.

निवृत्तीनंतर आबांना शुगर निघाली. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलं. तपासणी आठ दिवसांवर आली की आबांचा चहा बिनसाखरेचा, रात्री भाकरी अर्धी, गोळी घड्याळ लावून, पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं चालणं. उपाशीपोटीची शुगर 115, 118 यायची. तो कागद खिशात घालून आबा थेट पारावर. चारचौघांना दाखवून झाला की तिथल्याच हॉटेलात गोड चहा आणि वर कांदाभजी. गोळ्यांची पट्टी पुढचे दोन-अडीच महिने कपाटात. आबांच्या पत्नी आक्का बोलायच्या, पण ‘रिपोर्ट बघ की!’ म्हटल्यावर घरात कुणाचंच काही चालत नसे.

तालुक्याला नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी एचबीएवनसी लिहून दिली, म्हणजे लोक जिला तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती. एकाच दिवशी, एकाच हातातून काढलेलं रक्त. उपाशीपोटी 118, आणि हा आकडा 9.2.

“लॅबवाल्यानं बाटल्या बदलल्या,” आबा म्हणाले.

“नाही काका. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. एकदा पक्की बसली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही, आणि पेशी जगते साधारण 120 दिवस. तुमच्या शंभर भागांतल्या नऊ भागांवर साखर बसलीय. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर 217 च्या आसपास. शेवटच्या महिन्याचा वाटा त्यात जवळजवळ निम्मा असतो, पण आठ दिवसांच्या पथ्यानं एवढा आकडा झाकत नाही.”

(ही खूण 1968 मध्ये तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांनी नोंदवली. ते हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार तपासत होते, आणि मधुमेही माणसांच्या रक्तात त्यांना एक वेगळाच पट्टा दिसला. शोधायला गेलेला माणूस भलत्याच वाटेनं उपयोगाला पडतो, तो असा.)

आबा बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मग म्हणाले, “बाई, लबाडी मला नवी नाही. नवं एवढंच, की या वेळी डबा माझाच निघाला.”

त्या दिवसापासून आबा पथ्याला लागले, आणि नव्यानं माळ घातलेल्या माणसासारखे दुसऱ्यांनाही लावू लागले. आक्कांना दम लागतो, पाय ओढतात, म्हणून त्यांचीही तीच तपासणी करून आणली. 6.6. साडेसहाच्या वर म्हणजे शुगर, हे आबांना आता पाठ होतं. “हा आकडा खोटं बोलत नाही,” म्हणत त्यांनी घरातला भातच बंद केला. साखरेचा डबा माळ्यावर गेला.

डॉक्टरबाईंनी आकडा बाजूला ठेवला आणि आधी आक्कांच्या पापणीची आतली बाजू पाहिली. पांढरीफटक. हिमोग्लोबिन केलं तर 8, लोहही तळाला गेलेलं. उपाशीपोटीची शुगर 92, जेवणानंतर दोन तासांनी 128, दोन्ही सरळ. “अंगात लोह कमी असलं की एचबीएवनसी खऱ्यापेक्षा चढी येऊ शकते. उलट सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर मरतात, तिथं ती खोटी उतरते. आधी रक्त वाढवू, मग परत बघू.”

आबांना हे डॉक्टरबाईंपेक्षा लवकर उमगलं. “साय काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं. दोन्ही बेतानं केलं की लॅक्टोमीटरवर डिग्री बरोबर येते. फॅट लावल्याशिवाय चोर घावत नाही.” डॉक्टरबाईंना दुधातलं काही कळत नव्हतं, त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

“मग माझा भात?” आक्कांनी विचारलं. तेवढं मात्र त्यांनी एकदाच विचारलं, आणि ते आबांकडं बघून.

तीन महिने लोहाच्या गोळ्या झाल्यावर आक्कांचं हिमोग्लोबिन साडेअकरावर गेलं आणि एचबीएवनसी 5.6 वर उतरली. आबांची 7.8. “उतरतीय, चांगलं आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण सातच्या आत आणायचीय. कुठं कमी पडतंय?”

आबा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दाखवायला लागले. आक्का म्हणाल्या, “गोळ्या घेत्यात. हॉटेलवाल्याची उधारीची वही बघून आले मी. गोड चहा रोज दोन लिवल्यात.”