आग्रह आणि आधार

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहणाऱ्या मराठी घराला पंगतीतला आग्रह आणि राजस्थानी मनुहार, दोन्ही ठाऊक असतात. नाही म्हणणारा दोन्हीकडे शिष्ट ठरतो. लठ्ठपणावरच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक घटते, आग्रह, एकटेपणा, जिभेची सवय यांवर मात्र शस्त्रक्रिया नाही. म्हणून आधारगट हवा. तिथे ‘नको’ला कारण द्यावे लागत नाही. पण काही वर्षांनी अनेकांचे वजन थोडेफार परत चढते, आणि ज्याला गटाची खरी गरज असते तोच लाजून यायचा थांबतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात पुन्हा घसरलेल्या व्यसनी माणसालाही जागा असते. आधारगटाचे मोल घटलेल्या किलोंवर ठरू नये; वजन वाढलेल्याला तिथे यावेसे वाटते का, यावर ठरावे.