वैर नसलेला मारेकरी

खून झाला की पोलिस पहिला प्रश्न विचारतात, "याचं कोणाशी वाकडं होतं का?" बांध, भाऊबंदकी, जुनी उधारी, निवडणूक, यातलं काही ना काही निघतंच आणि तपास पुढे सरकतो. सुपारी घेणारा हा प्रश्नच निकामी करतो. त्याचं मेलेल्याशी काहीच वाकडं नसतं. ज्याचं असतं, तो त्या वेळी चार लोकांदेखत भलत्याच ठिकाणी चहा पीत बसलेला असतो. वैर एकाकडे, हात दुसऱ्याकडे; पैसे मोजले जातात ते या ताटातुटीचे.

ही ताटातूट उलगडून दाखवणारा सिनेमा म्हणजे अर्व्हिंग लर्नर यांचा 1958चा 'मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट'. थोडक्या पैशांत, मोजक्या दिवसांत उरकलेलं हे ऐंशी मिनिटांचं काम. पार्श्वसंगीताला जवळपास एकटी गिटार. मार्टिन स्कॉर्सेसींसारखा दिग्दर्शक त्याचे गोडवे गातो, तरी आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

त्यातल्या क्लॉडला नदीकाठी घर घ्यायचंय आणि पगारातून ते जमणार नाही, एवढाच हिशेब. तो खोलीत व्यायाम करतो आणि फोनची वाट पाहतो. पहिला माणूस न्हाव्याच्या खुर्चीत, वस्तऱ्याने. दुसरा इस्पितळातल्या खाटेवर. मग ज्याने काम दिलं त्या मूनलाच संपवायचा निरोप येतो आणि क्लॉड तेही करतो. वस्तऱ्याइतक्या जवळून मारतानाही त्याचा हात कापत नाही. म्हणजे इथलं अंतर फुटांत मोजायचं नाही, ओळखीत मोजायचं.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये एका साक्षीदाराला मारायचं असतं. ती बाई आहे हे कळल्यावर तो आधी दर वाढवून मागतो. टीव्हीला विजेचा सापळा लावतो, तो फसतो. लांबून बंदूक चालवतो, तर भलतीच बाई मरते. शेवटी तो घरात शिरतो. ती पियानोपुढे बसलेली, हा मागे टाय ताणून उभा. आणि हात चालत नाही. इतके दिवस जी नुसता पत्ता होती, ती आता माणूस झालेली असते.

हे अमेरिकेतलंच खूळ म्हणून सोडून देता येत नाही. 3 जून 2006 रोजी नवी मुंबईत कळंबोलीजवळ काँग्रेसचे नेते पवनराजे निंबाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. गाडीचा चालकही मेला; त्याच्याशी तर कोणाचंच काही नव्हतं. सीबीआयच्या तपासात, 2009 साली, एका आरोपीच्या कबुलीजबाबातून बाहेर आलं की अण्णा हजारे यांच्या सुपारीचाही प्रस्ताव त्याच्यापुढे आला होता. तो जबाब आरोपीचा, एवढं लक्षात ठेवूनच तो वाचायचा. पण राळेगणसिद्धी माहीत असलेल्याला त्यातली विसंगती खटकते. पारनेर तालुक्यातल्या या गावात अण्णांचा मुक्काम यादवबाबांच्या देवळात. पाणलोटाची कामं बघायला गावोगावचे लोक येतात, देवळात टेकतात, अण्णांशी बोलून जातात. पत्ता काढायला माणूस पेरायची गरज नाही, कोणीही दाखवेल. सुपारीला लागणारा अनोळखीपणा मिळायला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही.

माणसाच्या मनाचा भरवसा मात्र कायद्याला धरता येत नाही. क्लॉडचा हात थांबला, दुसऱ्याचा थांबेलच असं नाही. म्हणून कायदा तुटलेली साखळी जोडत जातो: जुन्या दंडसंहितेचं 120-ब कट रचणाऱ्यांना गोवायचं, महाराष्ट्राने 1999 साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का आणला आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये सुपारी देऊन केलेली हत्या संघटित गुन्ह्यांत नाव घेऊन घातली आहे. देणारा, मधला आणि करणारा एकाच कागदावर यावेत, हा त्यामागचा हेतू.

सप्टेंबर 2009 मध्ये अण्णांनी स्वतः पारनेर पोलिस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. जिवंत माणसाने आपल्याच नावावरच्या सुपारीची फिर्याद द्यावी, हे विचित्र वाटतं खरं. पण सुपारीचा सगळा धंदा मारायच्या माणसाला मुकं धरून चालतो. तो आधीच बोलला, की निनावीपणाचा अर्धा भाव तिथेच उतरतो.