पिळून घे ते फडकं

तो बूट परत काढ. हो, तोच, डाव्या पायाचा. बोटभर काळं पॉलिश थापलंस, दोन हात फडकं मारलंस आणि ‘झालं सर’ म्हणून माझ्यापुढे ठेवलास. काय झालं? मी नखानं खरवडलं तर ओरखडा खाली तसाच, आणि त्यात काळी माती! काऊन झाकली ती?

रिसोड-मालेगावकडची माती आहे ही. ओली असली की बुटाला चिकटून बसते, वाळली की टणक होते आणि आकसताना चामड्याला ओढते. तिच्यावर कोरडा ब्रश खसाखसा मारला की तिचेच कण नवे ओरखडे पाडतात. तू नेमकं तेच केलंस, वर मेण चढवलंस. पॉलिश म्हणजे रंग घातलेलं मेण, लेका. मेणानं चकाकी येते, फाटलेलं चामडं भरून येत नाही. मेणावर रंगही धरत नाही. आता आधी तुझं पॉलिश काढायचं, मग खरं काम सुरू.

इतके महिने झाले तुला इथे. ओरखडा दिसला की आधी पाण्याचं एक बोट फिरवायचं, हे पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. पाणी वरच राहिलं तर फक्त चकाकी घासली गेलीय, क्रीम पुरेल. पाणी पिऊन जागा काळवंडली तर वरचा थर फाटलाय. इथे फाटला होता. त्याचं साल निघून लोंबत होतं आणि तू ते ब्लेडनं कापून फेकलंस! ते पाहून मला रात्री झोप लागली नाही. सुईच्या टोकावर सोल्युशन घेऊन ते साल जागच्या जागी बसवलं असतं, तर सांधा शोधावा लागला असता. आता तिथे लेप भरावा लागेल, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासावं लागेल, मग रंगाचे पातळ थर, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. आणि सावलीत. परवा तू बूट शेगडीजवळ ठेवला होतास, ते मी पाहिलं. आचेनं चामडं ताठरतं, मग चिरतं. ती चीर कुणालाच बुजवता येत नाही.

त्या कोल्हापुरीवरही तू हीच डबी फिरवलीस. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं ते, त्यावर कारखान्यातल्या बुटासारखा रंगाचा जाड थर नसतो. त्याला तेलाचा हलका हात द्यायचा आणि मुरू द्यायचं. तू त्याला काळं फासलंस.

2025 च्या जूनमध्ये प्राडानं मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा मोबाइल घेऊन माझ्याकडे धावत आला होतास तू. संतापानं बोलता येत नव्हतं तुला. तुझा संताप खरा होता, मला आवडला होता. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते आपल्याकडच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. आपलं वाशीम त्यात नाही. आपल्या हातात येते ती दुरुस्ती. ज्या कारागिराच्या नावासाठी तू एवढा पेटलास, त्याच्याच कामावर तू डबीतलं काळं थापतोस?

या बुटाचा मालक पाटणी चौकातल्या दुकानांवरून चालत इथवर आला. नवा जोड घेता आला असता त्याला. त्यानं जुनाच आणला, मुलीच्या लग्नात घालायचाय म्हणून. मांडवात पॉलिश उतरलं आणि पायात ती पांढरी जखम दिसली, तर तो तुझं नाव घेणार नाही. मान खाली घालून पाय मागे ओढेल. याचा विचार केलास?

आज संध्याकाळी तो येईल. ‘बूट झाला नाही, साल माझ्या हातून कापलं गेलं’, हे तू स्वतः सांगायचंस. मी शेजारी उभा राहीन, बोलणार नाही. पैसे घ्यायचे नाहीत.

बस आता. फडकं ओलं कर. एवढं नाही, पिळून घे. आणखी पीळ. हं, आता टाचेकडून सुरू कर.